साथीच्या काळात आरोग्याचा निरोप कसा तयार करायचा: नव्यानं काम करणाऱ्यांसाठी

१ एप्रिल २०२० ला धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. तेव्हा देशभर एकच सांगणं चालू होतं: घरी राहा, अंतर ठेवा, हात धुवा. धारावीत सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये साडेआठ लाखांच्या आसपास लोक राहतात. एका लहानशा खोलीत सात-आठ माणसं, नळाला ठरावीक वेळेपुरतं पाणी आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. तिथल्या माणसाला निरोप समजला होता. तो पाळणं त्याच्या हातात नव्हतं.

धारावी ज्याच्याकडे येते त्या मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागानं हे लवकर ओळखलं. सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली जाऊ लागली, गल्लोगल्ली ताप तपासणीची शिबिरं लागली, वस्तीत वर्षानुवर्षं दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर मदतीला घेतले, शाळा आणि मंगल कार्यालयांत वेगळं राहायची सोय झाली. मग लोकांना सांगण्यासारखं काही हातात आलं: ताप असेल तर जवळच्या शिबिरात या, राहायची आणि जेवणाची व्यवस्था आहे. त्याच वर्षी जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं.

ग्रामपंचायतीत, नगरपालिकेच्या आरोग्य विभागात, एखाद्या संस्थेत किंवा गावच्या मंडळात तुमच्याकडे 'लोकांना कळवायचं' काम आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं कोरोनाची आहेत, कारण ती आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहेत. डेंग्यू, गोवर किंवा पुढच्या एखाद्या साथीतही काम असंच करायचं आहे.

पहिली पायरी: सांगताय ते त्या माणसाला जमेल का?

कागद हातात घेण्याआधी एक माणूस डोळ्यांसमोर आणा. 'नागरिक' नको, खरा माणूस हवा. उसाच्या फडावर कोपीत राहणारी बाई, इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा कामगार, मुलं पुण्यात असल्यामुळे गावात एकट्या राहणाऱ्या आजी. मग विचारा: हा माणूस उद्या सकाळी नेमकं काय करेल असं मला वाटतं? आणि ते करताना त्याची अडचण काय होईल?

अडचणी बहुतेक वेळा पैशाच्या, वेळेच्या, अंतराच्या आणि घरातल्या परवानगीच्या असतात. लसीचंच घ्या. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते हे आपल्याला ठाऊक होतं. रोजंदारीवर जाणाऱ्याला तो दोन दिवसांचा बुडालेला रोज असतो. 'लस सुरक्षित आहे' असं त्याला दहा वेळा सांगितलंत तरी त्याचा प्रश्न तसाच राहतो. त्याला सांगायला हवं की लसीकरण शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत आहे, रविवारी अंग दुखलं तर घरीच आराम करता येईल. पण त्यासाठी आधी शनिवारी संध्याकाळी केंद्र उघडं ठेवून घ्यावं लागतं. हे काम निरोप लिहिणाऱ्याचंच आहे असं मी मानतो. अडचण दिसली की वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, ग्रामसेवकाकडे, सरपंचांकडे जाऊन ती मांडा. सोय झाली तर ती निरोपात लिहा. होत नसेल तर जमेल असं दुसरं काही सांगा. न जमणारी गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली की लोक आपलं पुढचं सांगणंही ऐकेनासे होतात, आणि ते नुकसान भरून यायला फार वेळ लागतो.

दुसरी पायरी: एका निरोपात एकच काम

सरकारी भाषेतला हा नमुना पाहा. असे फलक आपण सगळ्यांनी वाचले आहेत:

"सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, गृहविलगीकरणातील रुग्णांनी आपल्या ऑक्सिजन पातळीचे नियमित निरीक्षण करून आवश्यकता भासल्यास तात्काळ नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा."

यात चुकीचं काहीच नाही, पण कामाचंही काही नाही. नियमित म्हणजे दिवसातून किती वेळा? आवश्यकता भासली हे कशावरून ओळखायचं? नजीकचं केंद्र रात्री उघडं असतं का? आणि मोजायचं यंत्र आणायचं कुठून? ज्या घरात रुग्ण आहे तिथले लोक घाबरलेले असतात, त्यांची झोप झालेली नसते. त्यांना अर्थ लावायला लावू नका. हाच निरोप असा लिहिता येईल:

"घरी कोरोनाचा रुग्ण आहे? सकाळी, दुपारी आणि झोपण्याआधी, असं दिवसातून तीनदा बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावा. आकडा ९४च्या खाली आला तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. लगेच १०८ला फोन करा. यंत्र नसेल तर आशाताईंकडून मागून घ्या."

९४ हा आकडा २०२१ च्या गृहविलगीकरणाच्या सूचनांमधला आहे. पुढच्या साथीत आकडा, यंत्र, लक्षण सगळं वेगळं असेल, त्यामुळे छापण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. 'आशाताईंकडून' हे शब्दही त्यांच्याकडे खरोखर यंत्र असेल तरच लिहायचे. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो. ही माहिती उपयोगाची आहे, पण ती यंत्र हातात देताना तोंडी सांगा. या निरोपात ती नको.

मोह इथेच होतो. एवढा फलक लावतोच आहोत तर हात धुणं, मास्क, लस, सकस आहार सगळंच घालू, असं बैठकीत कुणीतरी म्हणतं. ठामपणे नाही म्हणा. पाच गोष्टी सांगितल्या की वाचणारा त्यातली सर्वांत सोपी निवडतो, आणि ती बहुधा सर्वांत कमी महत्त्वाची असते. हात धुण्याचा फलक नळाजवळ लावा, लसीचा लसीच्या आठवड्यात. प्रत्येकाची जागा आणि वेळ वेगळी.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. 'करण्यात यावे', 'घेण्यात यावी' हे नक्की कोणी करायचं? 'या', 'लावा', 'फोन करा' असं लिहिलं की जबाबदारी कोणाची ते लगेच कळतं. आणि फोन नंबर छापण्याआधी तो स्वतः रात्री अकराला लावून पाहा. कोणी उचलत नसेल तर तो नंबर छापू नका.

तिसरी पायरी: कोणाच्या तोंडून?

इथे जरा इतिहासात जायला हवं, कारण पुण्यानं हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग पसरला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशा अफवा उठल्या आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग समिती आली, गोरे सोजीर घरात शिरून झडती घेऊ लागले, सामान बाहेर फेकू लागले. संशयित रुग्णाला वेगळं ठेवणं, घर स्वच्छ करणं हे उपाय त्या काळच्या वैद्यकीय समजुतीला धरून होते. पण ते सांगणारा आणि करणारा माणूस लोकांना शत्रू वाटत होता. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

त्याच साथीत, त्याच पुण्याच्या वेशीबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग एक, शहर एक, आणि रुग्णाला घराबाहेर हलवण्याची गरजही तीच. रँडच्या माणसांपासून लोकांनी रुग्ण लपवले, सावित्रीबाईंच्या दवाखान्यात मात्र ते नेले जात होते. ज्यांनी आयुष्यभर त्या वस्त्यांसाठी काम केलं होतं, त्यांना विश्वास वेगळा मागावा लागला नाही.

म्हणून यादी करा. तुमच्या गावात किंवा वॉर्डात आजारपणात लोक कोणाला विचारतात? आशाताई, अंगणवाडी सेविका, वर्षानुवर्षं सुई देणारे जुने डॉक्टर, मेडिकल दुकानदार, सुईण, निवृत्त शिक्षक, भजनी मंडळाचे बुवा, मशिदीतले मौलाना, बचत गटाच्या अध्यक्षा. या दहा-बारा लोकांना निरोप जाहीर होण्याआधी एकत्र बसवा. त्यांच्या शंका आधी ऐका. त्यांनाच पटलं नसेल तर भोंगा लावून काही होणार नाही.

सांगणाऱ्यानं स्वतः आधी करून दाखवलं तर उत्तमच. हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. २०२१ मध्येही सरपंचांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सगळ्यांसमोर लस घेतली की गावात फरक पडायचा.

भाषेचं मी वेगळं सांगायला नको, पण तरी सांगतो. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, भामरागडला माडिया. प्रमाण मराठीत छापलेलं पत्रक तिथे सरकारी कागद ठरतं. पत्रकाचा शब्दशः अनुवाद करून घेण्यापेक्षा त्या भाषेत बोलणाऱ्या परिचारिकेला किंवा आशाताईंना मुद्दा समजावा आणि त्यांच्या शब्दांत एका मिनिटाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा.

चौथी पायरी: जे माहीत नाही तेही सांगा

साथ नवी असते तेव्हा सल्ले बदलतात. सुरुवातीला मास्क फक्त आजाऱ्यांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी वापरावा असं सांगितलं जात होतं. एप्रिल २०२० मध्ये घरी शिवलेला मास्क वापरा असा सल्ला केंद्र सरकारनं दिला, मुंबई महापालिकेनं बाहेर पडताना मास्क सक्तीचा केला, आणि जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही मास्कचा सर्वसाधारण वापर करण्याची शिफारस केली. कोविशील्डच्या दोन मात्रांमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मग सहा ते आठ झालं, आणि मे २०२१ मध्ये बारा ते सोळा. केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला एके दिवशी कळलं की आता ८४ दिवसांनी या. तो चिडला तर त्यात त्याची चूक काय?

सल्ला बदलला की गुपचूप नवा फलक लावून मोकळं होऊ नका. उघड सांगा: कालपर्यंत आम्ही हे सांगत होतो, आजपासून हे सांगतो आहोत, बदलाचं कारण हे, ज्यांनी आधीच्या सल्ल्याप्रमाणे केलं त्यांनी आता काय करायचं ते हे. चौथा भाग हमखास राहून जातो आणि लोकांना तोच हवा असतो.

आणि काहीच ठरलेलं नसेल तर? तरीही बोला. १४ एप्रिल २०२० ला टाळेबंदी वाढल्याचं जाहीर झालं आणि त्याच दिवशी वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची मोठी गर्दी जमली. गाड्या सुटणार असल्याची अफवा पसरली होती. हातातलं काम गेलेल्या, भाड्याच्या खोलीत अडकलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न होता: घरी कधी जाता येईल? त्या प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नव्हतं, ते अफवेनं दिलं. 'गाड्यांचं अजून ठरलेलं नाही, परवा संध्याकाळी पाच वाजता पुन्हा सांगू, तोपर्यंत जेवण इथे मिळेल' एवढं सांगणंही फार उपयोगाचं असतं. मात्र परवा पाच म्हटलं की पाचलाच बोलायचं, सांगायला नवं काही नसलं तरी.

पाचवी पायरी: भीती दाखवायची, तर वाटही दाखवा

चितांचे फोटो, कवट्या, यमराजाची चित्रं यांनी लोक थोडा वेळ दचकतात. त्यानंतर भीती कमी करायला काही करता येत नसेल तर माणूस विषयच टाळतो, आपल्याला काही होत नाही असं स्वतःला समजावतो. धोका गंभीर असेल तर गंभीरच म्हणा, पण त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात काय केल्यानं तो कमी होतो तेही सांगा.

त्याहून वाईट म्हणजे लाज. कोरोनाच्या पहिल्या वर्षी रुग्णांच्या दारावर कागद चिकटवले गेले. शेजारी बोलेनासे झाले, परिचारिकांना खोल्या रिकाम्या करायला सांगितलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा विशिष्ट आदेश नसेल तर रुग्णाच्या घराबाहेर फलक लावायची गरज नाही. तोवर जे व्हायचं ते झालं होतं: दारावर कागद लागेल म्हणून लोक तपासणीच टाळत होते. तुमच्या निरोपात कोणत्याही जातीचं, धर्माचं, वस्तीचं, परगावाहून आलेल्यांचं नाव रोगाशी जोडलं जात नाही ना, हे दोन वेळा वाचून पाहा. 'मुंबईहून आलेल्यांपासून सावध' असा फलक लावणाऱ्या गावाला, मुंबईहून रात्री गुपचूप आलेल्या माणसाची माहिती कधीच मिळत नाही.

सहावी पायरी: 'करू नका'च्या जोडीला 'हे करा'

२०२० ची आषाढी वारी आठवा. शेकडो वर्षांची पायी परंपरा थांबवायची होती. 'वारी रद्द' एवढंच सांगितलं असतं तर ते कोणाच्याही पचनी पडलं नसतं. संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारकऱ्यांनी घरीच अभंग म्हटले. लालबागच्या मंडळानं त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. लोकांच्या श्रद्धेला जागा राहिली आणि गर्दी टळली. तुमच्या गावात जत्रा, लग्न, दहावा, साप्ताहिक बाजार यांपैकी काही थांबवावं लागलं, तर त्या त्या लोकांना सोबत घेऊन पर्याय ठरवा आणि निरोपात बंदीच्या आधी पर्याय लिहा. अंत्यविधीच्या बाबतीत विशेष हळुवार राहा. कुटुंबाला लांबून का होईना, चेहरा पाहता येईल का, हे आधी विचारून घ्या आणि मगच नियम सांगा.

सातवी पायरी: अफवांची वही

एक वही ठेवा. आशाताई, दुकानदार, शिक्षक यांच्याकडून रोज विचारून घ्या की आज लोक काय म्हणत होते. जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहा, तारीख आणि वस्तीसह. तीन-चार दिवसांत कळतं की कोणतं बोलणं वाढतंय आणि कोणतं आपोआप विरतंय. एका गल्लीत राहिलेल्या अफवेचं खंडन गावभर भोंग्यावरून केलं, तर उरलेल्या गावाला ती तुमच्याकडूनच कळते. तिथे जाऊन दोन-चार घरांशी बोला, पुरे.

वाढणाऱ्या अफवेला उत्तर द्यायचं तर आधी खरं सांगा, मग खोट्याचा एका वाक्यात उल्लेख, आणि शेवटी पुन्हा खरं. २०२० च्या सुरुवातीला कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि राज्यातल्या पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. 'कोंबडीमुळे कोरोना? जाणून घ्या सत्य' अशा मथळ्यातून लक्षात राहतं ते कोंबडी आणि कोरोना. त्याऐवजी: 'चांगली शिजवलेली कोंबडी आणि अंडी खायला हरकत नाही. कोरोना माणसाकडून माणसाला होतो. कोंबडीतून होतो असं फिरतंय, ते खरं नाही. मांस नीट शिजवा, कापल्यावर हात धुवा.'

अफवा मानणाऱ्याला अडाणी म्हणू नका, मनातही नाही. लसीनं मूल होत नाही, या भीतीमागे अनेकदा पूर्वीच्या सक्तीच्या नसबंदीच्या आठवणी असतात. 'लस घेतली आणि आजारी पडला' यामागे खरोखर आलेला ताप असतो. तापाची शक्यता आपण आधी सांगितली नाही तर तोच ताप अफवेचा पुरावा होतो. आधी सांगितली तर शेजारीण म्हणते, नर्सबाईंनी सांगितलंच होतं.

आठवी पायरी: छापण्याआधी वाचून दाखवा

पाच-सहा माणसं पुरतात, पण ती तुमच्या कार्यालयातली नकोत. एखादे कमी शिकलेले, एखाद्या आजी, एखादा कॉलेजातला मुलगा, आणि एक तरी असा की ज्याला हे सगळं थोतांड वाटतं. वाचून दाखवल्यावर 'समजलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. असं विचारा: 'मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. आता घरी गेल्यावर तुम्ही सासूबाईंना काय सांगाल?' त्यांच्या तोंडून जे येईल तोच तुमचा खरा निरोप. बऱ्याचदा त्यांचं वाक्य तुमच्यापेक्षा चांगलं असतं. ते घ्या.

चित्रंही अशीच दाखवा, शब्द झाकून. वर लाल फुली मारलेलं चित्र लांबून पाहणाऱ्याला उलट अर्थाचं वाटू शकतं. करायची कृती मोठी काढा, न करायची शक्यतो काढूच नका.

नववी पायरी: लोक जिथे थांबतात तिथे

पोस्टर हे माध्यमांपैकी एक, आणि फार प्रभावी नव्हे. घंटागाडी रोज प्रत्येक दारासमोर येते, तिच्यावरचा तीस सेकंदांचा आवाज घरातल्या बाईपर्यंत पोहोचतो. दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी, रेशन दुकान, सलून, एसटी स्टँड इथे माणूस थांबलेला असतो आणि गप्पा मारत असतो. काही गावांत अजून दवंडी चालते, ती जरूर वापरा. व्हॉट्सॲपसाठी मजकूर आणि आवाज दोन्ही पाठवा, आणि आवाज ओळखीचा असू द्या.

पुन्हापुन्हा सांगणं गरजेचं असतं, पण एकच आवाज सतत ऐकला की कान मिटतात. कोरोनाच्या काळात प्रत्येक फोनआधी वाजणारी सूचना सुरुवातीला लोकांनी ऐकली. पुढे, घाईचा फोन लावतानाही ती पूर्ण होईपर्यंत थांबावं लागे, तेव्हा तिचा वैतागच उरला. दर दोन आठवड्यांनी आवाज बदला, माणूस बदला, मुद्दा तोच ठेवा.

नंतरचं काम

किती पत्रकं वाटली हा आकडा अहवालासाठी ठेवा. तुम्हाला स्वतःला कळायला हवं ते वेगळं आहे. ताप आल्यावर लोक आता कितव्या दिवशी तपासणीला येतात? आधी सहाव्या दिवशी येत होते आणि आता दुसऱ्या दिवशी येत असतील, तर निरोप लागू पडला. फोनवर लोक कोणता प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात? तो प्रश्न म्हणजे तुमच्या मजकुरात राहिलेलं भोक आहे, दुसऱ्या दिवशी बुजवा. कोणत्या वस्तीतून कोणीच येत नाही? तिथे स्वतः जा.

प्रत्येक निरोपावर तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव घाला, फलकावरही आणि व्हॉट्सॲपच्या चित्रावरही, चित्राच्या आत, म्हणजे कापून पुढे पाठवलं तरी तारीख राहील. मागच्या महिन्याचा सल्ला आजचा म्हणून फिरण्याचं मुख्य कारण तारीख नसणं हे आहे. आणि नवा फलक लावायला जाणाऱ्या माणसाकडेच जुना उतरवायचं कामही द्या, जुन्या फलकांच्या जागांची यादी त्याच्या हातात देऊन.